बी हुंगणारी बाई

भाषावार प्रांतरचनेत आमचा जिल्हा आंध्रात गेला, तेव्हा चौथीतूनच शाळा सोडलेला मी घरापासून लांब, बोथ गावातल्या एका आडत्याकडे पोती भरत होतो. जंगलातलं बी विकणारी एक बाई तिथं यायची. चिमूट तळव्यावर चुरडून, हुंगून ती रानओवा, अजमोद, रानजिरं असे ढीग वेगळे मांडायची. नव्या कारकुनानं यादीत सगळ्याला ओवाच लिहिलं आणि मी ते ढीग एका पोत्यात ओतले.

तिनं माझं मनगट धरलं. "काऊन रे बापू, झाडाले फुलं छत्रीवानी येते म्हणून सारं बी ओवाच का? अजमोद गर्भारणीले चालत नाई. तिनं ओवा समजून खाल्ला, तं कारकून येते का निस्तराले?"

मी भीत भीत पोतं उलटं केलं. ते पाहून आडत्यानं तिथंच मला कामावरून काढलं.

"बरं झालं," ती रागातच म्हणाली, "आता हे मिसळलेलं बी निवांत वेच."

त्या दिवशी चिमूट चिमूट हुंगायला लावून तिनं शिकवलेल्या वासावरच पुढं, बी पारखण्याच्या कामात, माझं पोट चाललं.