आखितीच्या माठाला घाम फुटेना

आबा, म्हणजे माझे वडील, माठ विकत घ्यायचे ते गालानं. बाजारात कुंभाराच्या मांडणीसमोर उकिडवे बसायचे, पसंत पडलेल्या माठात पाणी ओतायला लावायचे आणि तपकीर ओढत वाट बघायचे. बऱ्याच वेळानं माठाच्या पोटाला गाल लावायचे. मी कॉलेजात होतो. मी दोन दुकानं सोडून उभा राहायचो आणि हा गृहस्थ आपल्या ओळखीचा नाही असा चेहरा करायचो.

कुंभार म्हणायचा, "पावणं, माठ घेताय का सोयरीक जुळवताय?"

"सोयरीकच की. उन्हाळाभर नांदवायचं हाय."

गळका माठ त्यांना नको असायचा, आणि ठणठणीत कोरडा राहणारा तर त्याहून नको. "थेंब पडला न्हाय पायजे, पर अंगाला घाम आला पायजे," हे त्यांचं माठशास्त्र.

पुढं मला एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, वाळू तपासायची नोकरी लागली. साच्यासाठी जी वाळू वापरतात तिची वडी ठोकायची आणि तिच्यातून हवा किती सहज जाते ते यंत्रावर बघायचं. वाळू जाडी असली तर हवा सुटते, पण ओतलेलं कास्टिंग खरबरीत निघतं. फार बारीक असली तर कास्टिंग दिसायला देखणं, पण आतला वायू कोंडतो आणि लोखंडाच्या पोटात फोड धरतात. थोडक्यात, मला छिद्रांचा पगार मिळायचा. एकदा जेवताना मी हे आबांना मोठ्या ऐटीत समजावून सांगितलं. माठाचंही तेच, म्हणालो. बारीक छिद्रांतून पाणी बाहेर येतं, वाऱ्यावर उडून जातं, आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. छिद्रं मोठी झाली की माठ गळतो, फार बारीक झाली की पाणी आतच तापत बसतं.

आबांनी शांतपणे भाकरी मोडली. "मग तितं फौंड्रीत गाल लावून बघतोस व्हय रं?"

घरात फ्रीज आला, तरी आबा माठाचंच पाणी प्यायले. फ्रीजचं पाणी घशानं न्हाय, दातानं प्यावं लागतंय म्हणायचे.

ते गेले एका हिवाळ्यात. दवाखान्यातले शेवटचे दिवस त्यांना उकळून कोमट केलेलं पाणी चमच्यानं द्यायचं होतं. ते दर चमच्याला तोंड फिरवायचे आणि आईला म्हणायचे, "माठातलं दे." आई म्हणायची, "घरी गेल्यावर." ते घरी आले, पण पाणी प्यायला नाही.

आमच्याकडं आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावानं नवा माठ भरतात. दुपारी नैवेद्य दाखवायचा आणि त्या माठातलं गार पाणी फोटोपुढं ठेवायचं. आबांची ती पहिली आखिती. आदल्या दिवशी आई मला म्हणाली, "माठ तू आण. ह्येनी आणला असता तसा आण."

मी गेलो. कामावरून परस्पर गेलो होतो, इस्त्रीचा शर्ट होता, बाजारात ओळखीची माणसं होती. भर चौकात मडक्याला गाल लावून बसायचं माझ्यानं झालं नाही. बोटानं टकटक केलं. खणखणीत वाजला तो घेतला. गुळगुळीत, लालभडक, पाणी ओतलं तरी टिपूस बाहेर नाही. असल्या वाळूचा साचा मी फौंड्रीत क्षणात बाद केला असता. माठ मात्र स्कूटरवर पायांत धरून, वरात आणावी तसा घरी आणला.

"किती देखणा हो!" बायको म्हणाली. ती हुपरीची, पैंजणं घडवणाऱ्यांच्या घरातली. तिला झळाळी पटकन दिसते.

सकाळी उठून आईनं माठ भरला, गव्हाच्या राशीवर ठेवला, वर आंबा ठेवला आणि पुरणाला लागली. ऊन चढलं तसा तिनं माठाला हात लावला. माठ बाहेरून भाकरीच्या तव्यासारखा कोरडा होता. तिनं आत बोट बुडवलं.

"कोमट," ती म्हणाली, आणि पुरणाचे हात तसेच घेऊन भिंतीला टेकून खाली बसली.

बायको हळूच आईला म्हणाली, "आत्या, फ्रीजमधली बाटली ओतूया का ह्यात? कुणाला कळतंय?"

"जल्मात घेतलं न्हाय त्येनी. आता फसवायचं व्हय?"

गेल्या सालचा, आबांनी निवडलेला माठ गॅलरीत होता. पण वर्षभर बोअरचं क्षाराचं पाणी पिऊन त्याच्या अंगावर पांढरी खपली चढली होती, सगळी छिद्रं बुजली होती. तोही घामेजेना.

मग माझ्यातला वाळूवाला जागा झाला. माठ पाझरत नसेल तर त्याला बाहेरून ओलं कापड गुंडाळू, म्हणालो, घाम कापडाला येईल. बायकोनं तिची एक ओढणी दिली. ती नायलॉनची होती. पाणी तिच्यावरून घसरून थेट फरशीवर आलं. मग आहेरात आलेला कोरा टॉवेल काढला. त्याच्यावर पाण्याचे मणी झाले आणि ते ऐटीत गडगडत गेले.

"तुमच्या फौंड्रीत असंच चालतंय का?" बायको म्हणाली. मी फरशी पुसली.

तेवढ्यात आई उठून कपाटाकडं गेली. तिच्या हातात गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी होती. तिच्यात काय आहे ते आम्हाला दोघांनाही माहीत होतं, आणि आम्ही त्याबद्दल कधी बोललो नव्हतो. आबांच्या खांद्यावरचा शेवटचा पंचा होता तो, न धुतलेला. घाम, तपकीर आणि खोबरेल तेल. वास उडू नये म्हणून तिनं प्लास्टिक निवडलं होतं. माठातलं कळणारा माणूस गेला होता आणि छिद्र नसलेली वस्तू मात्र आईनं अचूक शोधली होती. कधी दुपारी घर निजलं की ती गाठ सोडायची, आणि लगेच बांधायची.

"आई, ह्यो नको. दुसरं काहीतरी बघू."

"दुसरं कुठलं हाय? ह्यो वापरून वापरून मऊ झालाय. पाणी धरतोय." तिनं पंचा एकदा तोंडाशी नेला. मग बादलीत बुडवला. बादलीतलं पाणी जरासं तपकिरी झालं. "पीळ," ती म्हणाली. मला पिळवेना. मग तिनंच पिळला.

माठ गॅलरीत वाऱ्याला ठेवला, पंचा गुंडाळला, आणि मी शेजारी बसून अधूनमधून पाणी शिंपडत राहिलो. पाणी पंच्यात शिरायचं, धाग्याधाग्यानं पसरायचं. नैवेद्याच्या वेळेला आईनं पुन्हा आत बोट घातलं. मग पदर सारखा केला. पेला भरला, फोटोपुढं ठेवला, आणि आबांना ऐकू कमी यायचं म्हणून जसं बोलायची तशाच मोठ्या आवाजात म्हणाली, "घ्या. गार हाय."

पानं वाढायला त्या दोघी आत गेल्या. मी पंचा सोडून तारेवर टाकला. उन्हात तो वाळू लागला होता. आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी त्यात तोंड खुपसलं. ओल्या सुताचा वास आला. पुन्हा, दुसऱ्या टोकाला बघितलं. तिथंही तोच.

"काय हुंगतोस?" आतून आई म्हणाली. तिला तिथून मी दिसतही नव्हतो. "गेला तो वास. ये जेवायला, पोळी निवायला लागलीय."