विहिरीचे नऊ आकडे

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. आईजवळही नाही. तुमच्याजवळ का बोलते आहे — नीट कळत नाही.

आमच्या घरी आईच्या संघटनेच्या पत्रकांचे गठ्ठे यायचे आणि मी घड्या घालायचे. खोटं कारखानदार बोलतात, आपण नाही — हे मी घड्या घालताघालताच शिकले. मग माझं पहिलं पत्रक लिहिताना मी काय केलं?

कुपवाडच्या, धातूला मुलामा देणाऱ्या प्लेटिंग कारखान्यांचं पाणी ओढ्यात सुटायचं. ओढ्यालगत शालनकाकीची विहीर, आणि त्या पाण्यावर तिची मेथी, कोथिंबीर; घरात प्यायलाही तेच. वर्षभर, दर महिन्याला, काकी स्वतः पोहरा सोडून मला तपासणीची बाटली भरून द्यायची. "एवढंसं पाणी नेतीस, पोरी. तहान तरी भागती का?" असं म्हणून हसायची.

प्रयोगशाळेचा कागद आला. तीन बाटल्यांत क्रोमियम धोक्याच्या रेषेच्या वर. उरलेल्या नऊंपुढे फक्त — 'अमुकपेक्षा कमी'. त्याखालचं यंत्राला दिसतच नव्हतं. तिथल्या माणसानं फोनवर बजावलं, की खरा आकडा शून्यापासून तिथपर्यंत कुठेही असेल. तो 'अमुक' मोजमाप म्हणून धरू नका. मला समजलं. अगदी नीट समजलं.

आणि मी नऊच्या नऊ जागी तोच आकडा भरला. पाणी वाईट ठरतं ते वर्षाच्या सरासरीवर; ती सरासरी रेषेच्या वर गेली. शून्य भरलं तर ती खाली येते, हेही मी करून पाहिलं होतं — पाहिलं, आणि तो कागद फाडला. 'नक्की सांगता येत नाही' असं पत्रकात कोण छापतं? मी छापलं, विहीर विषारी आहे. काकीच्या नावानिशी.

आठवड्याभरात बाजारात तिच्या पाटीपुढे कुणी थांबेना. ती माझ्याकडे आली. भांडायला नाही — विचारायला.

"तू मोजलंयस न्हवं? खरं हाय न्हवं?"

"व्हय, काकी."

एवढंच बोलले. त्या एका शब्दावर तिनं मुरूम टाकून विहीर बुजवली. आता ती ओढ्याकाठच्याच एका कारखान्यात फरशी पुसते. ते पाणी खरंच वाईट होतं का? असेलही. नसेलही. तपासायला विहीरच उरली नाही.

परवा ती कारखान्याच्या फाटकाशी भेटली. माझा हात धरून सोबतच्या बायकांना म्हणाली, "हिनं वाचवलं आमास्नी. न्हाईतर तेच पाणी पीत बसलो असतो."

बायका माझ्याकडे कौतुकानं बघत होत्या. मी हात सोडवून घेतला नाही.