कुंकवाखालचा आकडा

आमच्या दुकानातली विंडोज विकतची होती. आज यात सांगण्यासारखं काही नाही, पण नव्वदच्या दशकात रोह्यात विंडोज विकत घेणं म्हणजे मिठागरात राहून दुकानातून मीठ आणण्यासारखं होतं. कॉम्प्युटर घेतला की ती फुकट, कुणाच्या तरी सीडीवरून यायची. मी मात्र बिलासकट घेतली आणि रोह्याजवळच्या वरसे गावातल्या घराच्या पुढच्या खोलीत टायपिंग नि लग्नपत्रिकांचं दुकान थाटलं. एकदा ठरवलं की मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

विंडोजच्या सीडीबरोबर एक पुस्तिका आली होती. मुखपृष्ठावर नक्षीदार चौकटीत इंग्रजी सर्टिफिकेट आणि खाली लांबलचक नंबर. विंडोज पुन्हा टाकायची वेळ आली तर हा नंबर द्यावा लागतो; तो गेला की विकतची आणि ढापलेली सारखीच. म्हणून पुस्तिका मी आईकडे दिली. पेणच्या खाडीकाठी मिठागरात वाढलेल्या माझ्या आईकडून आजवर काही हरवलं नव्हतं.

तिने ती जपली, पण तिच्या पद्धतीने. दिवाळीत वहीपूजनाला पाटावर वह्यांच्या जागी पुस्तिका मांडली, ओल्या कुंकवाने तिच्यावर स्वस्तिक काढलं आणि नंतर मला न विचारता मुखपृष्ठ कापून फ्रेम करून आणलं. फ्रेमवाल्याने ते पुठ्ठ्यावर खळीने पक्कं चिकटवलेलं. भिंतीवर हार घातलेलं सर्टिफिकेट बघून मी हसले. नंबराकडे काही माझं लक्ष गेलं नाही.

पुढे डोलवीच्या कारखान्यातल्या एका ठेकेदाराचं वर्षभराचं टायपिंग मिळायची वेळ आली. त्याचे साहेब म्हणाले, "आमच्याकडे वरून तपासणी असते. चोरीच्या विंडोजवर केलेलं काम चालणार नाही. उद्या येऊन मशीन बघतो."

"खुशाल या," मी म्हटलं. आणि त्याच दुपारी कुणाच्या तरी पत्रिकेच्या फ्लॉपीतून व्हायरस आला नि मशीन सुरूच होईना.

पेणहून मेकॅनिक आला. "सगळं पुसून विंडोज परत टाकावी लागंल. माझ्याकडची टाकतो, नंबराची कटकट नाय."

"माझी स्वतःची आहे. तीच टाका."

ऐटीत फ्रेम उतरवली आणि काच काढली, तर नंबराच्या मधल्याच एका आकड्यावर स्वस्तिकाचं टोक आलेलं. तिथे नुसता लाल डाग. माझं डोकंच फिरलं. "सर्टिफिकेटला कुणी कुंकू लावतं का?" मी आईवर ओरडले.

"मला काय ठाव?" आई म्हणाली. "मला वाटलं, तू पास झालीस."

कॉलेज मी अर्ध्यावर सोडलं होतं. माझ्या नावाचं सर्टिफिकेट आमच्या घरात कधी आलंच नव्हतं. लाज वाटून मी फ्रेम मेकॅनिकपुढे ठेवली.

मेकॅनिकने डागाच्या जागी एकेक आकडा घालून बघितला. शून्य चालला नाही. एक टाकला आणि मशीनने नंबर घेतला. मी सुटकेचा श्वास सोडला. विंडोज चढवून तो पेणला परत गेला.

आई मात्र कापसाच्या बोळ्याला खोबरेल लावून तो डाग पुसत बसली होती. कपाळावरचं कुंकू तेलाने निघतं, तसं तेही हळूहळू निघालं.

"आठ हाय गो हा," ती म्हणाली. इंग्रजी आकडे तिला घड्याळामुळे येत होते. मी वाकून बघितलं. आठच होता.

म्हणजे आठाच्या जागी एक टाकला तरी त्या मशीनला चालत होता. खरं-खोटं त्याला काही कळत नव्हतं.

"चाललाय ना? मग ऱ्हाऊ दे की," आई म्हणाली.

"नाय," मी म्हटलं. मी विकत घेतला होता तो आठाचा नंबर. एक टाकलेला नंबर दुसऱ्या कुणाचा तरी असणार. मेकॅनिकचं काम मी नीट बघून ठेवलं होतं, तेव्हा स्वतःच सीडी घालून पहिल्यापासून सुरुवात केली. विंडोज नाव विचारते, तिथे मेकॅनिकने मघाशी काहीबाही ठोकलं होतं. या वेळी मी आईचं नाव टाकलं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. त्यांनी मशीनवर एक चौकट उघडली. तिच्यात नाव आणि नंबर दोन्ही दिसत होते. असं काही बघता येतं हे मला माहीतच नव्हतं. फ्रेम मांडीवर घेऊन ते आकडा आकडा जुळवू लागले आणि तेलकट डागापाशी थांबले.

"हा आठच ना?"

"आठच," आई दारातून म्हणाली. "मी पुसून बघितलाय."

साहेबांनी मान हलवली. "काम तुमचं. आणि हे नाव कुणाचं?"

"हिचं. सर्टिफिकेट हिचंच आहे," मी म्हटलं.

साहेब उठले आणि त्यांनी फ्रेम आईच्या हातात दिली. आईने ती दोन्ही हातांनी घेतली आणि पुन्हा भिंतीवर लावायच्या आधी पदराने पुसली.