शशीभावजींची साफ चूक

सुनंदाचा फोन आला तेव्हा मी पैठणला, माहेरी होते. "ताई, हे गेले," एवढंच ती म्हणाली. सुनंदा माझी धाकटी जाऊ, आणि 'हे' म्हणजे माझे दीर, शशीभावजी. माझ्या तोंडून निघून गेलं, "काहीतरी बोलू नकोस, काल संध्याकाळी तर फोनवर मला रागावले!" खरंच रागावले होते. मी एका इंग्रजी गाण्याची गोष्ट त्यांना मुद्दाम चुकीची सांगितली होती आणि त्यांनी नेहमीसारखी माझी हजेरी घेतली होती. एसटीनं परत येताना मला रडूच येईना... तो रागावलेला आवाज कानात होता.

मुद्दाम चुकीची का, ते सांगते. भावजी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात फोरमन होते आणि जुन्या रॉक संगीताचे वेडे. मला ते संगीत सुरुवातीला फळीवरची भांडी पडल्यासारखं वाटायचं, खोटं कशाला बोलू! पण भावजी गाणं नुसतं लावतच नसत. आधी गोष्ट, मग गाणं. पडेगावच्या त्यांच्या घरी रविवारी जेवणं झाली की सगळ्यांना बसवायचं आणि सुरू... एका बँडला ड्रमचा आवाज हवा तसा मिळेना, तर त्यांनी ड्रम एका जुन्या घराच्या जिन्यापाशी मांडले आणि माइक टांगले वरच्या मजल्यावर. "त्यानं काय होतंय?" मी म्हटलं. भावजी उठले, स्वयंपाकघरातलं मोठं पातेलं घेतलं आणि जिन्यापाशी उभं राहून पळीनं असं बडवलं, की शेजारीण "काय पडलं हो?" करत धावत आली. "कळलं का वहिनी?" कळलं बाई! मग गाणं लागलं, आणि तो जिना मला चक्क ऐकू आला. त्या दिवसापासून मी रविवार चुकवला नाही.

गोष्टी सांगणारे पुष्कळ असतात, तिखटमीठ लावणारे त्याहून जास्त. भावजींचं तसं नव्हतं. खात्री नसेल तर आधीच बजावायचे, "ही ऐकीव हाय बरं का, खरी म्हणून कोणाला सांगू नका." पुढं घरात इंटरनेट आलं आणि त्यांच्या कितीतरी आवडत्या गोष्टी खोट्या निघाल्या. दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. हे महाशय स्कूटर काढून, ज्यांना ज्यांना ती गोष्ट सांगितली होती त्यांच्याकडे जाऊन आले. भर उन्हात आमच्या दारात उभे, घामाघूम. "वहिनी, ती गिटार गहाण ठेवल्याची गोष्ट खोटी निघाली. माफ करा." मी म्हटलं, "अहो, मी ती कधीच विसरले, आत या, पन्हं घ्या!" मी हसले खरी, पण असा माणूस आपल्या घरात आहे याचा मला फार अभिमान वाटायचा.

अशा माणसाची वाचा गेली. पक्षाघात झाला, हातपाय हळूहळू सावरले, पण शब्द येईनात. बोलायला शिकवणाऱ्या बाई चित्रं घेऊन यायच्या... कप, किल्ली, चप्पल. भावजी भिंतीकडं तोंड करायचे. त्यांना समजत सगळं होतं, म्हणून तर जास्त लागत होतं. गाणंही लावू देईनात. गोष्ट सांगता येत नाही तर गाणं कशाला, असंच असणार. बाई सुनंदाला म्हणाल्या, "त्यांनी प्रयत्नच सोडला, तर पुढं अवघड आहे." सुनंदाचा जीव टांगणीला लागला होता.

मग एका रविवारी मीच हट्टानं ते जिन्याचं गाणं लावलं आणि गोष्टही सांगायला बसले. बोलण्याच्या भरात म्हणून गेले, "तर त्यांनी ड्रम नेऊन ठेवले न्हाणीघरात..." पलंगावर धाडकन हात आपटला. "नाय!" आम्ही दोघी दचकलो. भावजी लालबुंद झाले होते. "चू... चूक! जि... जिना! जिना!" सुनंदा तिथंच तोंडाला पदर लावून रडायला लागली. मी मात्र वरमले नाही. मला औषध सापडलं होतं!

त्यानंतर मी इतकं बिनधास्त खोटं बोलले, की विचारू नका. गिटारवाल्याचं ड्रमवाल्याच्या गळ्यात बांधलं, लंडनचं अमेरिकेत नेलं. भावजी चिडायचे आणि चिडले की बोलायचे. आधी शब्द, मग अर्धी वाक्यं. 'साफ चूक, वहिनी' हे तर अगदी स्वच्छ यायला लागलं. एक दिवस माझ्याकडं बराच वेळ बघत राहिले आणि थांबत थांबत म्हणाले, "वहिनी... इतकं चूक... कोणी चुकून... सांगत नाय." माझी चोरी पकडली होती! मी म्हटलं, "मग बंद करू का?" तर म्हणाले, "नाय... उद्या... या." त्याच महिन्यात त्यांनी अख्खी एक गोष्ट स्वतः सांगितली. एका गायकाकडं शेवटच्या कडव्याचे शब्दच तयार नव्हते, म्हणून त्यानं तिथं शीळ घातली. शब्द नंतर भरू, असं ठरलं होतं, पण शीळच राहिली. सांगायला त्यांना बराच वेळ लागला. आम्ही मधे एक शब्द पुरवला नाही, तशी सक्त ताकीदच होती. संपल्यावर त्यांनी दोन्ही हातांनी चहाचा कप उचलला आणि आमच्याकडं असं बघितलं, जणू मैफल जिंकली.

गेल्या रविवारी, भावजींच्या माघारी, मी पडेगावला गेले. सुनंदानं जेवायला वाढलं, आम्ही दोघींनी कसेबसे चार घास खाल्ले. मग तिनंच ते शिळेचं गाणं काढलं, पण लावलं नाही, माझ्याकडं बघत राहिली. मी सुरू केलं, "तर शेवटच्या कडव्याचा कागद गायकाच्या बायकोनं चुलीत घातला..." आणि सवयीनं थांबले. सुनंदाही थांबली होती. दोघी पलंगाकडं बघत होतो.

शेवटी मीच म्हणाले, "साफ चूक, वहिनी." आणि सुनंदाला पहिल्यापासून खरी गोष्ट सांगितली.