कळमनुरीहून नांदेडला गेलेल्या गोण्या

लग्न होऊन मी कळमनुरीला आले तेव्हा सासरची माणसं भंगार वेचतात, एवढंच ऐकून होते. त्यात नेमकं काय करायचं असतं ते तिसऱ्या दिवशी कळलं. दिवस उजाडायच्या आत सासूनं माझ्या हातात रिकामी गोणी दिली आणि म्हणाली, "चल पोरी. काल बाजार झालाय. उशीर केला तर गाया पन्न्या खाऊन बसतील." सासूला आमच्याकडे आत्या म्हणतात.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. बाजार उठलेल्या मैदानात तेलाचे रिकामे कॅन, तुटके मग, पायपांचे तुकडे, आत्या पन्न्या म्हणायची त्या प्लास्टिकच्या पिशव्या पडलेल्या असायच्या. पहिले काही दिवस मी पदर तोंडावर ओढून वाकायचे. आत्या मात्र ताठ चालायची. मेंढरं राखणाऱ्या घरातली ती, पायी फिरण्याचं तिला काहीच वाटायचं नाही, आणि चालताना ती सारखी बोलायची. माळावरचं तिचं लहानपण, आईचा मार, लहानपणीच गेलेली पहिली मुलगी, हे सगळं मला त्या फेऱ्यांतच कळलं. घरात ती फारशी बोलत नसे.

गोळा केलेला माल आम्ही गावातल्या भंगारवाल्याकडे घालायचो. जाड डबा असो की कुठला फुटका पायप, तो सगळं एकाच काट्यावर टाकायचा आणि भावही एकच द्यायचा. एकदा आमची पाठ वळताच त्याचा गडी तोच माल वेगवेगळ्या ढिगांत टाकताना मला दिसला. वाटेत मी आत्याला सांगितलं.

"काहून वेगळं करून राहिला असल?" तिनं विचारलं.

"वेगळ्या मालाला भाव वेगळा मिळत असल."

ती रस्त्यातच थांबली. "मग आपल्याला हात न्हाईत का?"

त्यानंतर आम्ही आणि शेजारच्या तिघी जणी मिळून महिनाभर माल घरीच साठवला, जाड एकीकडे, पातळ एकीकडे असा अंदाजानं वेगळा करून. हळद पोचवायला आलेला एक टेम्पो नांदेडकडे रिकामा परत चालला होता, त्यात गोण्या टाकल्या आणि आम्ही पाचही जणी वर बसून गेलो. तिथं प्लास्टिक वितळवून त्याचे दाणे करणारा एक कारखाना होता. मालकानं गोणीत हात घातला, एक कॅन काढला, एक पायप काढला आणि दोन्ही खाली टाकले.

"सगळं मिसळलेलं आहे. हे असंच वितळवलं तर माझा सगळा माल खराब होईल. परत न्या."

टेम्पो केव्हाच निघून गेला होता. शेजारणी एकमेकींकडे बघू लागल्या. मला तर रडूच येत होतं, कारण हे सगळं माझ्या बोलण्यावरून झालं होतं. आत्या शांतपणे जमिनीवर बसली.

"आमी आता न्यायचं कशात? काय वेगळं करायचं ते सांगा, हितंच करून देतो."

मालक आत निघून गेला. पण यंत्रावरची एक कामकरी बाई बाहेर आली. साधारण माझ्याच वयाची. "अम्मा, इधर आओ," म्हणत तिनं आत्याला पाण्याच्या पिंपापाशी नेलं. कॅनचा तुकडा पाण्यात टाकला, तो तरंगला. पायपाचा टाकला, तो बुडाला. "तैरने वाला अलग, डूबने वाला अलग. बस इतनाच है."

आम्ही सगळ्या गोण्या त्या अंगणात उपड्या केल्या. उन्हात बसून एकेक तुकडा पाण्यात टाकून पाहिला. दुपार कलली तेव्हा आत्याला पाण्याची गरजही उरली नव्हती. ती तुकडा नखानं वाजवायची आणि आवाजावरून सांगायची, आणि बहुतेक वेळा तिचं बराबर निघायचं. मालक पुन्हा बाहेर आला, दोन्ही ढीग हातानं चाळून पाहिले आणि स्वतः वजन केलं. गावच्यापेक्षा कितीतरी चांगला भाव दिला. मग आत्याला म्हणाला, "पुढचा माल कधी आणता?"

परतीच्या एसटीत आत्यानं पैसे पदराच्या गाठीत बांधले. मग म्हणाली, "इतकी वर्षं झाली, पन पुन्हा कधी येता असं कुनी इचारलं न्हवतं मला."

प्लास्टिक नांदेडला नेतो या रागानं गावातल्या भंगारवाल्यानं काही दिवस आमच्याकडून लोखंडही घेतलं नाही. पुढं घेऊ लागला. आमच्या अंगणात तुकडे पाण्यात टाकून बघायला सिमेंटचं टाकं आलं, नंतर पत्र्याचं शेड झालं. बऱ्या कमाईतली पहिली खरेदी म्हणजे सगळ्यांना रबरी बूट, कारण काच लागली नाही असा एकीचाही पाय नव्हता. माझ्या दोन्ही पोरी शाळेत गेल्या, त्यांना गोणी धरावी लागली नाही. दोन हजार सालानंतर पाण्याच्या बाटल्यांचा पूर आला आणि माल वेचायला फार हिंडावंही लागेना. हॉटेलवालेच निरोप धाडू लागले.

तोवर आत्याचे गुडघे गेले होते. ती शेडमध्ये बाजेवर बसून माल वेगळा करणाऱ्या बायकांना हाका मारायची, चुकीच्या ढिगात पडलेला तुकडा तिला लांबूनही ऐकू यायचा. माझं चालणं मात्र एकटीचं झालं. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मैदानात मी काही वेळा उगीच सावकाश चालायचे, शेजारी कुणी बोलत असल्यासारखी.