आजी तळ्यावर गेल्या

मंडळी, आज सकाळी मुरूडहून फणसाडच्या जंगलाकडच्या रस्त्याने सायकलवरून येत होते. एका वाडीत पाणी प्यायला थांबले, तर ओटीवर बसलेल्या आजी उठून सायकलीपाशी आल्या. नव्वदी कधीच ओलांडलेली. हँडलवरून हात फिरवत राहिल्या.

मग सांगू लागल्या. गोष्ट एकोणीसशे तीसनंतरची, हे जंगल मुरूडच्या नवाबाच्या शिकारीचं होतं तेव्हाची. त्यांच्या वडिलांनी मुंबईहून जुनी सायकल आणली होती. उन्हाळ्यात ते आजींना आणि त्यांच्या आईला जंगलातल्या तळ्यावर न्यायचे.

"मी पुढं दांडीवर, आई मागं. आई गेली नि बाबांनी ती वाट सोडली. मी पन परत गेले न्हाय."

"मग आज जाऊ या?" मी विचारलं.

घरातून बाहेर आलेल्या त्यांच्या सूनबाई नको म्हणाल्या. आजींनी पदर खोचला. "दांडीवर जमायचं न्हाय बाय. मागं बसव."

मी चालत सायकल ढकलली, सूनबाईंनी आजींना धरलं. वाटेत मी काहीबाही विचारत होते.

"जरा गप ऱ्हा," आजी म्हणाल्या. "बाबा चालवतायत असं वाटू दे."

तळं दिसलं. "आई हितं पाय धुवायची," आजी म्हणाल्या, आणि कॅरिअरवरून उतरायलाच तयार होईनात.

आता घरी आलेय. वडिलांनी मला सायकल शिकवली तो खाडीकाठचा रस्ता आठवतोय. ते गेल्यापासून मी तिकडे फिरकलेले नाही.

तुम्हीही अशी एखादी वाट टाळताय का?