रूथाबाईंनी न ओढलेली दोरी

शमुवेल गुरुजी नसते तर मी शिकलो नसतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढले नव्हते. समुद्रपूरकडच्या आमच्या गावात ते चर्चचे पाळक होते आणि संध्याकाळी आम्हा पोरांचे मास्तर. आता थकले, पुण्यात मुलाकडे असतात. त्यांनी एक काम सांगितले, म्हणून मी गावाकडे निघालो.

गावात ख्रिस्ती माणूस वारला की चर्चची घंटा वाजते. पूर्वी गावातल्या रूथाबाईंचे तान्हे बाळ बाप्तिस्म्याआधीच गेले, तेव्हा गुरुजींनी ती वाजवू दिली नव्हती. बायबलच्या 'उत्पत्ती'त देवाने जग घडवले ते सहा दिवस म्हणजे आपले सहाच दिवस, आणि पहिला माणूस आदाम याचे पाप जन्मणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर, ते बाप्तिस्म्यानेच धुतले जाते, असे ते मानत. मी जीवशास्त्र शिकू लागल्यावर आमचे यावर कितीतरी वर्षे वाद झाले, पण त्यांनी मला कधी तोडले नाही. परवा पुण्यात भेटलो तेव्हा म्हणाले, "आदाम म्हणजे कोणी एक माणूस नव्हे, आपण सगळेच, हे तुझं म्हणणं आता पटतं. मग त्या लेकराच्या माथी मी काय मारलं? जा, घंटा वाजवून ये."

वर्धा स्टेशनबाहेर तर्री-पोहे (झणझणीत रस्सा घातलेले पोहे) खाल्ले. एसटीत डोळा लागला आणि गावाचा फाटा मागे गेला.

"काऊन बापू, सासुरवाडीले चालला होता का?" कंडक्टर हसला.

फुटलेल्या कपाशीच्या कडेने उलट चालत आलो.

रूथाबाई चर्चचे अंगण झाडत होत्या. घंटाही आता त्याच वाजवतात. निरोप ऐकून त्यांनी झाडू भिंतीला टेकवला.

"बाळ पापी नव्हतं, हे मले तवाच ठाऊक होतं, बाबू. गुरुजीचं तोंड काय पुण्यातच राह्यलं?"

"त्यांना चालवत नाही, काकू."

"साऱ्याईच्या मयतीले मी दोरी ओढतो. माह्या लेकराची त्याईनंच येऊन ओढावी. तुह्या हातानं नाई."

मग कुंपणाजवळ नेऊन त्यांनी बाळाला पुरलेल्या जागेवरचा दगड दाखवला. त्याला ताजा चुना लावलेला होता. मला भाकरी-भाजी वाढताना त्यांनी बाळाचे नाव सांगितले. आदामावर गुरुजी आणि मी इतके भांडलो. हे नाव मात्र दोघांनीही कधी विचारले नव्हते.

परतताना वर्ध्याहून पत्र टाकले:

"आदरणीय गुरुजी,
फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. घंटा वाजली नाही. ती तुम्हीच वाजवायची, असा काकूंचा निरोप आहे. बाळाचे नाव योसेफ ठेवायचे होते. फाट्यापासून तुम्हाला खुर्चीत बसवून नेऊ. थंडी आहे तोवर निघू या, तिकिटे काढतो.
तुमचा,
प्रकाश"